पाणीखात्यातलं स्पॅनिश

मला स्पॅनिश येतं असं सरकारचं म्हणणं आहे. मी स्वतः तसं कधी म्हटलेलं नव्हतं. मी फक्त तिसरा रकाना भरला होता.

झालं असं, की आमच्या पाणीखात्यानं सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती संगणकावर घ्यायचं ठरवलं आणि प्रत्येकानं आपला फॉर्म आपणच भरावा असं परिपत्रक काढलं. नाव, जन्मतारीख, रक्तगट इथपर्यंत मी सुखरूप पोचलो. पुढे 'अवगत भाषा' आल्या. रकाने तीन. मला भाषा येतात दोन. एक घरी चालते, दुसरी ऑफिसात. तिसरा रकाना मोकळा सोडून पुढे जावं, तर फॉर्म जागचा हलेना. मी 'नाही' असं लिहून पाहिलं. तो म्हणाला, यादीतून निवडा. यादीत 'नाही' नावाची भाषा नव्हती. मागे अकरा जण खोळंबलेले. त्यातला एक माझ्या मानेवर श्वास सोडत होता. मी यादी खाली ओढली, ती जिथं थांबली तिथं टिचकी मारली. स्पॅनिश. बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, अशा तिन्ही चौकोनांत खुणा आपोआप उमटल्या आणि फॉर्म आनंदानं पुढे सरकला. मीही सरकलो. बावीस वर्षांत त्या भाषेत नळजोडणीचा एक अर्ज आलेला नव्हता; माझ्या निवृत्तीपर्यंत येईल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

चार महिन्यांनी शहराचा मोठा पंप बसला. म्हणजे असा बसला की पुन्हा उठलाच नाही. राखीव ठेवलेला छोटा पंप अंगणातल्या नळापर्यंत जेमतेम पाणी पोचवायचा, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. सकाळी अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यात. मी पाणीखात्यातला, त्यामुळे शेजारी माझ्याकडे असे बघायचे, जणू तो पंप मीच ऑफिसातून येताना पिशवीत घालून घरी आणलाय. तळमजल्यावरच्या शिंप्यानं तर एकदा माझ्या बादलीत डोकावून पाहिलं. माझ्या बादलीत त्याच्यापेक्षा जास्त पाणी नाही ह्याची खात्री झाल्यावरच त्यानं 'नमस्कार' म्हटलं.

नवा पंप परदेशातून यायचा होता. पंपाबरोबर तो बसवणारा माणूस येणार होता, आणि त्या माणसाच्या आधी आलं कंपनीचं पत्र: आमचे तंत्रज्ञ फक्त स्पॅनिश बोलतात, दुभाष्याची सोय करावी. साहेबांनी संगणकात शोध घेतला. साडेसातशे कर्मचाऱ्यांत एक नाव निघालं.

"अहो, इतके दिवस बोलला नाहीत!" साहेब म्हणाले. त्यांनी मला खुर्ची दिली. सतरा वर्षं ते मला 'अहो, ते हे' म्हणून हाक मारत. त्या दिवशी पूर्ण नावानं हाक मारली. मी खरं सांगायलाच आत गेलो होतो. पण माणसाला सतरा वर्षांनी स्वतःचं नाव ऐकायला मिळालं, की लगेच खरं बोलवत नाही.

त्यापेक्षा नोंदच खोडून टाकावी म्हणून मी आस्थापना विभागात गेलो. तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भाषा वाढवायचा अर्ज आहे. कमी करायचा नाही."

"का नाही?"

"आजवर कुणी कमी करायला आलेलं नाही. असं करा, भाषा विसरल्याचा दाखला आणा."

"तो कोण देणार?"

"ज्यांनी शिकवली ते."

"मला कुणी शिकवलीच नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग नोंद कशी झाली?"

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत 'खोटी माहिती दिल्यास शिस्तभंगाची कारवाई' असं होतं, ते मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवलं. मी म्हटलं, "सहज विचारलं," आणि बाहेर पडलो. हिशोब सरळ होता. सरकारदरबारी एखादी भाषा पुसून टाकण्यापेक्षा ती शिकणं सोपं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, यादीत त्याच्या वरती काय होतं?"

"बघितलं नाही."

"बघायचं तरी!" ती म्हणाली, आणि मला वाटाणे सोलायला बसवलं.

संध्याकाळपर्यंत बातमी जिन्यात पोचली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या औषधवाल्याचं म्हणणं, भाषा झोपेत कानाशी वाजवत ठेवावी, गोळीसारखी आपोआप विरघळते. शिंप्याचं मत, प्रत्येक शब्दाला शेवटी 'ओ' लावला की काम भागतं. त्यानं 'पंपो, नळो, बादलो' असं बोलूनही दाखवलं. औषधवाल्याच्या मुलीनं मोबाईलवर भाषांतर होतं असं सुचवलं. ते खरंच चांगलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पंपघरात जाऊन करून पाहिलं. पंपघर जमिनीखाली दोन मजले. तिथं मोबाईलला रेंज नाही. वरच्या दारात रेंज होती, पण छोट्या पंपाची घरघरही होती. मी 'झडप उघडा' म्हटलं, मोबाईलनं त्याचं स्पॅनिश केलं, आणि ते मी उलटं मराठीत करून घेतलं तेव्हा 'आत्याचे कोकरू ओले आहे' असं आलं.

शेवटी बायकोच म्हणाली, "चौथ्या मजल्यावरच्या मावशींना विचारा ना. त्या शाळेत परदेशी भाषाच शिकवायच्या."

मावशींचं वय अठ्ठ्याहत्तर. बादल्या त्यांच्या घरी आम्हीच पोचवत होतो, त्यामुळे त्यांनी लगेच होकार दिला. इतकी वर्षं त्या मला 'तुम्ही' म्हणत. शिकवणी सुरू झाली त्या मिनिटापासून 'तू' म्हणू लागल्या.

"किती दिवस आहेत?"

"सात आठवडे."

"मग शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. एक नियमित क्रियापद घे. त्याची सगळी रूपं, सगळे काळ. एक पक्कं झालं की तशी हजार येतात." त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "पाणीखातं ना? तुला 'एस्पेरार' देते. वाट पाहणे."

असा मी एस्पेरार ह्या क्रियापदाच्या पदरात पडलो. एस्पेरो, मी वाट पाहतो. एस्पेरास, तू पाहतोस. एस्पेरा, तो पाहतो. एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान. शेवटचा 'आर' काढायचा आणि माणसाप्रमाणे शेपूट लावायचं. वर्तमानकाळ मला आवडला. आटोपशीर, सहा माणसांचं कुटुंब.

मग भूतकाळ आला, तोही एक नाही. एकदाच वाट पाहून संपवली तर 'एस्पेरे'. रोज पाहत होतो तर 'एस्पेराबा'. मी म्हटलं, "मावशी, आमच्याकडे दुसरंच जास्त चालतं." आपल्या मराठीत भूतकाळात केवढा समजूतदारपणा आहे हे मला तेव्हा कळलं. 'मी वाट पाहिली, आम्ही वाट पाहिली, त्यांनी वाट पाहिली'. क्रियापद आमच्याकडे ढुंकूनही न बघता वाटेच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये मात्र प्रत्येकाला आपली वाट स्वतःच्या शेपटासह पाहावी लागते.

भविष्यकाळासाठी 'एस्पेरारे', वाट पाहीन. 'एस्पेरारीया', पाहिली असती. हा संकेतार्थ. तो मला फार जवळचा वाटला, कारण बदलीच्या अर्जात मी आयुष्यभर तोच वापरत आलोय. पण मावशींनी विध्यर्थ काढला तेव्हा माझी पाटी पार कोरी झाली. त्या म्हणाल्या, "इच्छा, शंका किंवा भीती असेल तर रूप बदलतं." इच्छा, शंका आणि भीती ह्या तीन खांबांवर माझी अख्खी नोकरी उभी होती, पण त्याला वेगळं रूप लागतं हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ठोका सांभाळ," मावशी बजावत. "एस्पेरे. जोर शेवटी दिलास तर 'मी वाट पाहिली'. जोर मध्ये दिलास तर 'आपण थांबा', म्हणजे आज्ञा. लिहिताना त्या एका छोट्या रेघेचा फरक."

मी जिन्यात बादली घेऊन चढताना पाठ करायचो. एका पायरीला एक रूप. तिसऱ्या मजल्यापर्यंत बरोबर अठ्ठेचाळीस पायऱ्या, आठ काळ. दोनदा विध्यर्थात पाणी सांडलं. बायको वही धरून दारात उभी राहायची आणि मी चुकलो की नुसता घसा खाकरायची. तिची सगळी रूपं माझ्याआधी पाठ झाली हे मला कुणी सांगितलं नाही. ती एकदा कणीक मळताना 'एस्पेरारीयामोस' असं गुणगुणत होती तेव्हा कळलं.

सात आठवडे संपले तेव्हा माझी अवस्था अशी होती: एक क्रियापद कुणीही, केव्हाही, कुठल्याही काळात विचारावं. बाकी 'दरवाजा', 'उद्या', 'माझं डोकं दुखतं' ह्यातलं काहीही येत नव्हतं.

पाहुणे आले. माझ्याच वयाचे, ठेंगणे, मिशा पांढऱ्या, हातात अवजारांची पेटी. फाटकाशी साहेब, उपसाहेब, फोटोग्राफर. मला पुढे केलं. मी आठवडाभर घासलेलं वाक्य काढलं; मला म्हणायचं होतं, 'मी आपली वाट पाहिली.' पण इतक्या लोकांसमोर माझा जोर शेवटपर्यंत पोचलाच नाही. मध्येच पडला.

"एस्पेरे!" मी पाहुण्यांना हुकूम सोडला.

पाहुणे थांबले. उंबऱ्याच्या बाहेर, एक पाय पुढे. पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे आदरानं बघत उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो.

"काय झालं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"त्यांच्याकडे पद्धत आहे," मी म्हटलं. काय पद्धत, ते मलाही ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांनी पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, भुवया वर केल्या, आणि बोटानं आत दाखवलं. मी मान हलवली. फोटोग्राफरनं सगळं टिपलं; तो फोटो आजही सूचनाफलकावर आहे आणि त्यात मी वाहतूक पोलिसासारखा दिसतो.

पण पुढचे आठ दिवस, सांगायला अभिमान वाटतो, माझं कुठेही अडलं नाही. कारण आमच्या खात्यात दुसरं क्रियापद लागतच नव्हतं. प्रवेशपत्राच्या खिडकीवर सही करणारे जेवायला गेलेले: एस्पेरामोस, आपण वाट पाहतो. पंपाची पेटी गोदामात, गोदामाची किल्ली भांडारपालाकडे, भांडारपाल मुलीच्या परीक्षेसाठी रजेवर: एस्पेरारेमोस, आपण वाट पाहू. क्रेन आली पण तिच्या चालकाचा परवाना दुसऱ्या हद्दीचा निघाला. मी नुसता पाहुण्यांकडे बघितलं, त्यांनीच म्हटलं, "एस्पेरामोस?" मी म्हटलं, "एस्पेरामोस."

अडचण एकदाच आली. साहेब खाली पंपघरात उतरले आणि मोटरच्या विजेच्या पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "त्यांना विचारा, ह्या मोटरला विजेचा दाब किती लागेल?"

मग मी पाठीमागे हात बांधले आणि गंभीरपणे अख्खा वर्तमानकाळ म्हटला. एस्पेरोपासून एस्पेरानपर्यंत, योग्य जागी श्वास घेऊन.

पाहुण्यांनी पान्हा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या मिशा जराशा हलल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी तितक्याच गंभीरपणे साधा भूतकाळ म्हटला, सहाही रूपं, आणि खडूनं भिंतीवर आकडा लिहिला.

"केवढं लांबलचक विचारलंत," साहेब म्हणाले.

"तांत्रिक भाषा आहे, साहेब."

त्या दिवसापासून आमचं जमलं. दुपारी डबा खाताना मी एक काळ म्हणायचो, ते पुढचा म्हणायचे. माझं 'एस्पेराइस' चुकलं की ते बायकोसारखाच घसा खाकरत. त्यांनी मला पाकिटातला फोटो दाखवला: दोन मुली, एक कुत्रा, एक म्हातारी खुर्चीत. म्हातारीवर बोट ठेवून ते म्हणाले, "एस्पेरा." ती वाट पाहते. मी माझ्या डब्यातली अर्धी चपाती त्यांच्यापुढे सरकवली.

नवव्या दिवशी पंप तयार. कार्यक्रम ठेवला. वरच्या दाराच्या चौकटीत हिरवं बटण, बटणाला फीत, बटणापाशी साहेब. पाहुणे खाली नळ्यांपाशी, आणि मी मधल्या जिन्यात, दोघांच्या मध्ये, दुभाषी म्हणून. साहेबांनी भाषण आटोपून बोट उचललं आणि खालून आरोळी आली, "एस्पेरे!"

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं. त्यांचं बोट बटणापासून वितीवर.

मी खरं सांगतो, माझ्या डोक्यात आधी व्याकरणच आलं. जोर शेवटी असेल तर, 'मी वाट पाहिली.' प्रसंगाला साजेसं होतं. नऊ दिवस थांबलेला माणूस भावुक होऊन बोलणारच. मी तसं भाषांतर करायला तोंडही उघडलं होतं, लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात पुन्हा आरोळी आली, आणि ह्या वेळी जोर स्पष्ट मध्ये पडला.

मी चार पायऱ्या एका ढांगेत चढून साहेबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

वरिष्ठांच्या मनगटाला हात लावणारा मी खात्यातला पहिलाच. खालून पाहुणे धापा टाकत वर आले तेव्हा त्यांच्या हातात नारळाएवढं लाकडी बूच होतं. प्रवासात कचरा जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात ठोकलेलं. ते काढायचं राहिलं होतं. बटण दाबलं गेलं असतं तर ते बूच कुठं आणि आम्ही कुठं, हे कुठल्या काळात सांगावं लागलं असतं देव जाणे. साहेबांनी बुचाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाले, "आता सोडा."

त्या संध्याकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी आलं. आधी नळ खोकला, मग थुंकला, मग धो धो वाहू लागला. बायकोनं घरातली सगळी भांडी भरली, वाट्यासुद्धा. चौथ्या मजल्यावरून मावशींनी जिन्यात ओरडून सांगितलं, "मलाही आलं रे!"

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण महिन्यानं कंपनीकडून एक लिफाफा आला: तंत्रज्ञाचा अभिप्राय, स्पॅनिशमध्ये, वर 'गोपनीय' असा शिक्का. आवक विभागानं नियमाप्रमाणे तो भाषांतरासाठी खात्यातल्या एकमेव जाणकाराकडे पाठवला. अशा रीतीनं माझ्याबद्दलचा गोपनीय अभिप्राय मलाच मिळाला. तो गोपनीय असल्यामुळे मी दार लावून घेतलं.

शब्दकोश घेऊन चार संध्याकाळी बसलो. पहिलं वाक्य फारच लवकर लागलं: 'दुभाषी म्हणून दिलेल्या गृहस्थांना आमची भाषा येत नाही.'

मी कागदावर लिहिलं, 'मर्यादित येते.' मग खोडून 'बऱ्यापैकी' केलं. बायकोनं मागून येऊन वाचलं.

"मूळ काय आहे?"

मी दाखवलं.

"मग तेच लिहा. एवढं खपून शिकलात ते खोटं भाषांतर करायला?"

मी तेच लिहिलं. पुढे एका ओळीवर अडलो, म्हणून मावशींकडे गेलो. त्यांनी ती ओळ वाचली आणि हसायला लागल्या. ओळ अशी होती: 'त्यांना एकच क्रियापद येतं. आमच्या भाषेत त्याचे दोन अर्थ होतात, वाट पाहणे आणि आशा धरणे. पहिले दोन दिवस मी पहिला अर्थ धरून ऐकलं. तिसऱ्या दिवसापासून दुसरा धरला, आणि काम सोपं गेलं.'

"मावशी, हा दुसरा अर्थ तुम्ही मला सांगितलाच नाहीत!"

"तुझं खातं बघून नाही सांगितला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि समोर उभा राहिलो. खोटी माहिती, शिस्तभंग, चौकशी. घरी सांगून आलो होतो. साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं. त्यावर बोट ठेवलं.

"हे भाषांतर कुणी केलं?"

"मीच. एका ओळीला मदत घेतली."

"ही ओळ?"

"नाही साहेब, ही माझी मीच लावली."

"बरोबर आहे ना? नक्की?"

"शब्दन् शब्द. मला खरंच ती भाषा—"

"थांबा." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्हाला ही भाषा येत नाही, असं ह्या भाषेत लिहिलेलं तुम्ही वाचलंत. समजलात. अचूक मराठीत आणलंत." त्यांनी समासात सावकाश लिहिलं, मला उलटं वाचता येत होतं: 'भाषांतर पाहता परिच्छेद एकमधील पहिले विधान वस्तुस्थितीस धरून नाही. प्रकरण बंद करावे.' मग मनगट चोळत म्हणाले, "जा आता. आणि पुढच्या वेळी जरा हळू धरा."

मी घरी न जाता सरळ चौथ्या मजल्यावर गेलो. मावशींनी सगळं ऐकून चष्मा लावला आणि वही पुढे ओढली.

"छान. आता 'आर'ची झाली. 'एर'ची सुरू करू. 'कोमेर'. खाणे."

"मावशी," मी म्हटलं, "सरकारी माणसानं 'मी खातो, मी खाल्लं, आम्ही खाऊ' असं जिन्यात मोठ्यानं पाठ करणं बरं दिसत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग 'ईर'चं घे. 'विविर'. जगणे."

मी ते वहीत लिहून घेतलं. "हे नियमित आहे?"

"क्रियापद तरी आहे," मावशी म्हणाल्या. "म्हण, विवो."